पिठाची पिशवी आणि रेसचा घोडा

गेल्या रमजानच्या आधी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. चांगली नोकरी, अदबीचं बोलणं. बोलता बोलता त्याने सांगितलं की तो रेसवर पैसे लावतो. माझा चेहरा पाहून तो हसला. "सर, हा जुगार नाही, अभ्यास आहे. घोड्याचं वय, वजन, जॉकी, मागच्या शर्यती, सगळं पाहून लावतो. सुप्रीम कोर्टानेही १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय."

कोर्टाच्या निकालाची गोष्ट खरी आहे. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो. "हा अभ्यास आहे" हे वाक्य मी लहानपणी आमच्या घरात, अब्बांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी त्याला जे सांगायला जमलं नाही, ते आज इथे लिहितो आहे.

अब्बा पुण्यात कॅम्पात शिंपीकाम करायचे. हातात कला होती, गिऱ्हाईक होतं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, रेसच्या तबेल्यात सईस होते. पहाटे घोड्याला खरारा करायचा, दाणा-पाणी द्यायचं, पाय चोळायचे, हेच त्यांचं आयुष्य. पावसाळ्यात रेसचा हंगाम पुण्यात असे. नोव्हेंबरच्या सुमारास घोडे मुंबईला महालक्ष्मीला जात आणि त्यांच्याबरोबर चाचाही. गंमत अशी की ज्यांचा जन्म घोड्यांत गेला त्या चाचांनी कधी एक रुपया लावला नाही. आणि ज्या अब्बांनी घोड्याच्या पाठीवर कधी हातही फिरवला नव्हता, ते रात्री मशीन बंद करून कंदिलाच्या उजेडात रेसचं पुस्तक घेऊन बसत. कानाला पेन्सिल, समोर आकडे. अम्मी जेवायला हाक मारायची, तर म्हणायचे, "थांब, अभ्यास चाललाय."

एकदा पावसाळ्यात चाचा घरी आले होते. मी नववीत होतो. मी त्यांना विचारलं, "चाचा, पुस्तकात घोड्याच्या नावापुढे वजन कशाला लिहितात?" चाचांनी उत्तर दिलं नाही. माझ्या दहा वर्षांच्या चुलतभावाला बोलावलं आणि आम्हा दोघांना गल्लीच्या टोकापासून मशिदीच्या दारापर्यंत पळवलं. मी सहज जिंकलो. मग त्यांनी अम्मीकडून पिठाची पिशवी मागवली, दोन किलोंची. ती माझ्या पाठीला बांधून पुन्हा पळवलं. तरी मीच जिंकलो, पण थोडक्यात. मग पाच किलोंची पिशवी बांधली. या वेळी आम्ही दोघे दारापाशी एकदमच पोचलो.

चाचा म्हणाले, "आता चौथ्यांदा पळवलं तर कोण जिंकेल, बेटा?"

मी धापा टाकत म्हणालो, "सांगता येत नाही."

"बस्स. याचंच नाव हँडिकॅप. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमजोरावर कमी. हे वजन ठरवणारा माणूस हुशार असतो. सगळे घोडे एकदम पोचावेत, कोण जिंकेल ते कुणालाच सांगता येऊ नये, हेच त्याचं काम. आणि तुझे अब्बा त्याच गोष्टीवर पैसे लावतात."

पुढे गणित शिकवताना या पिशवीचा अर्थ मला अधिक कळत गेला. आपल्याकडे प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतात. एका गुणाला अर्धा किलो वजन. घोडा जिंकला की त्याचे गुण वाढतात. आठ गुण वाढले तर पुढच्या शर्यतीत पाठीवर चार किलो जास्त. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिरात शिसं घालून ते भरून काढतात. शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकीला खोगिरासह तराजूवर उभं करतात. म्हणजे अब्बा ज्या विजयाचा 'अभ्यास' करत, त्याची किंमत वजन देणाऱ्याने आधीच वसूल केलेली असे.

त्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचा निकाह ठरला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला डर्बी असते. अब्बांनी घरी सांगितलं, "हाजी अलीला जाऊन येतो," आणि मला सोबत घेतलं. आम्ही हाजी अलीला गेलोही. पण तिथून चालत थेट तबेल्याकडे. चाचा एका तांबड्या घोड्याच्या पायाला पट्टी बांधत होते. त्या दिवशी डर्बीबरोबर इतरही शर्यती होत्या. त्यांतल्या एका हँडिकॅप शर्यतीत हा घोडा धावणार होता. लागोपाठ दोनदा जिंकलेला.

अब्बा हळूच म्हणाले, "छोटे, एवढंच सांग. रात्री याने दाणा पुरा खाल्ला का?"

माझ्या कानाला तो साधा प्रश्न वाटला. पण घोड्याने दाणा टाकला की तो बरा नाही, हे तबेल्यातल्या प्रत्येकाला कळतं, आणि ही खबर बाहेर पैशांच्या मोलाची असते. चाचांनी मान वर केली नाही. म्हणाले, "भाईजान, ते मी ट्रेनरसाहेबांना सांगतो. दुसऱ्या कुणाला नाही. ही अमानत आहे."

"मी दुसरा कुणी आहे?"

"अमानतीला भाऊ नसतो."

अब्बांनी माझा हात धरला आणि आम्ही निघालो. अब्बांनी त्याच घोड्यावर पैसे लावले. त्याच्या पाठीवर सर्वांत जास्त वजन होतं. दोनशे मीटर राहिले तोवर तो पुढे होता. मग त्याची चाल जड झाली आणि बाहेरच्या बाजूने हलक्या वजनाचे दोन घोडे निघून गेले. अब्बा ओरडले, "खेचला! जॉकीने घोडा खेचला!"

परतीच्या गाडीत कर्जतनंतर घाट लागला तेव्हा त्यांनी मला सांगितलं की अम्मीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या आहेत.

अब्बा नंतर वर्षभर तेच म्हणत राहिले, की घोडा खेचला, सगळे मिळालेले असतात. आणि चाचांशी त्यांनी बोलणं सोडलं. त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं की भावाला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. सूरह अल-माइदामध्ये दारू आणि जुगाराच्या मनाईबरोबर सांगितलं आहे की सैतान त्यांच्याद्वारे तुमच्यात वैर घालू पाहतो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू पाहतो. मला त्यासाठी तफसीर उघडावी लागली नाही. आमच्या घरात दोन सख्खे भाऊ एका मशिदीत वेगवेगळ्या सफीत उभे राहत होते.

मैदानावर लबाडी होतच नाही असं मी म्हणत नाही. हँडिकॅपमध्येच एक मोह दडलेला आहे. आज घोडा मुद्दाम मागे ठेवला तर गुण उतरतात आणि उद्या वजन हलकं होतं. म्हणूनच पंच कॅमेऱ्यातून धाव तपासतात, जॉकीला बोलावून जाब विचारतात, घोड्याची लघवी तपासणीला पाठवतात. पण त्या दिवशी घोडा खेचला नव्हता. तो थकला होता. "खेचला" म्हणणं अब्बांना सोपं होतं. कारण मग आपला अभ्यास चुकला असं मानावं लागत नव्हतं.

बहिणीचा निकाह वेळेवर झाला. चाचांनी मुंबईहून येऊन अम्मीच्या हातात पैसे ठेवले. मोजून घ्या एवढंच म्हणाले. ते सईसाच्या पगारातून साठवलेले होते. त्या पैशांची परतफेड अब्बांनी शिलाईच्या कमाईतून केली. त्याला चार वर्षं लागली. शेवटचा हप्ता द्यायला ते स्वतः तबेल्यात गेले आणि तिथेच दोघे भाऊ रडले, असं चाचींनी सांगितलं. पाटल्या मात्र परत आल्या नाहीत.

आपल्या धर्माचं घोड्याशी वैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. सहीह बुखारीत इब्ने उमर (रजि.) यांची हदीस आहे. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला दिला होता आणि तयार न केलेल्यांना जवळचा, मस्जिद बनी जुरैकपर्यंतचा. ते स्वतः त्या शर्यतीत होते. दुबळ्यावर अन्याय होऊ नये ही काळजी तिथेही आहे. घोडा हराम नाही, शर्यत हराम नाही. हराम आहे ती पैज. सूरह अल-बकरामध्ये तर अल्लाहने तराजूच समोर ठेवला आहे: यात लोकांना काही लाभही आहे, पण त्याचं पाप लाभाहून मोठं आहे.

माझ्या विद्यार्थ्याला हिशेब आवडतो, म्हणून हिशेबही सांगतो. पैजेच्या रकमेवर जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. त्याशिवाय टोटची कपात वेगळी. उरलेल्या पैशांत सगळे मिळून वाटा मागणार. म्हणजे धावण्याआधीच पैसे लावणाऱ्याच्या पाठीवर पिठाची भली मोठी पिशवी बांधलेली असते. घोड्याचं वजन अर्ध्या किलोपर्यंत मोजलं जातं. पैसे लावणाऱ्याच्या घरावर किती वजन पडलं, ते मोजायला तिथे तराजू नाही.

अब्बांनी म्हातारपणी नवीन सवय लावून घेतली होती. फजरची नमाज झाली की ते एम्प्रेस गार्डनच्या बाजूला जाऊन उभे राहत आणि सकाळच्या सरावाचे घोडे पाहत. पेन्सिल नाही, पुस्तक नाही. एकदा मी सोबत होतो. धुक्यातून एक तांबडा घोडा गेला. अब्बा म्हणाले, "सुबहानल्लाह, काय चाल आहे!" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "इतकी वर्षं मी घोडा पाहिलाच नव्हता रे."

तो विद्यार्थी पुन्हा आला तर मी त्याला माझ्या नातवाबरोबर पळायला लावणार आहे. पिशवी घरात आहे.