दोष स्वराचा कीं वाटेचा?

मोटारींत गाणें वाजविणें ही आतां श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. जळगांव-धुळें रस्त्यावरील भाड्याच्या गाडींतही चार स्पीकर असतात, आणि ज्यांच्या घरीं एखादा हौशी तरुण आहे त्यांच्या मोटारींत तर लहानसा संगणकच बसलेला आढळतो. पण त्याबरोबर एक उपद्रवही कित्येकदां येतो. इंजिन सुरू झालें कीं स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकूं येऊं लागते. वेग वाढेल तशी ती चढते, गाडी मंदावली कीं उतरते. मग कोणी म्हणतो, मूळ ध्वनिमुद्रणच खराब. कोणी म्हणतो, स्पीकर हलके. आणि बाकीचे आवाज मोठा करून शिट्टी सोसावयास शिकतात. हा दोष कोठें उत्पन्न होतो आणि तो शोधावा कसा, हें आमच्या घरीं गेल्या वर्षीं नीट पाहावें लागलें. त्यांत प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हता, म्हणून तें वाचकांस सांगावेसें वाटतें.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरांत सर्वच दादा म्हणतात, पंच्याहत्तरीच्या घरांत आहेत. काचबिंदूमुळें त्यांचें वाचन सुटलें आहे. त्यांचे नेत्रवैद्य धुळ्यास असल्यामुळें दर महिन्यास एरंडोल, पारोळें करीत जाणारा तो सुमारें नव्वद किलोमीटरचा रस्ता त्यांना कापावा लागतो. वाटेंत त्यांचा वेळ बरा जावा म्हणून त्यांच्या मुलानें, म्हणजे माझ्या पुतण्यानें, गाडींत संगणक बसविला आणि घरांतील जुन्या फितींवरील सर्व आवाज त्यांत भरून ठेवले.

त्यांपैकीं एक फीत १९८४ सालची आहे. आमचे वडील नातवंडांना अमरकोशांतील शब्द समजावून सांगत आहेत, आणि मध्येंच शेजारच्या स्वयंपाकघरांतून आई म्हणते, “अहो, पानं घेतलीं आहेत, पुरे आतां.” आईचा आवाज कोठेंही राहिला असेल तर तो एवढाच. मूळ फीत पुढें चिकटून तुटली. संगणकांतील प्रत हीच आतां आमच्याजवळ उरली आहे.

गाडींत ती प्रथम लावली तेव्हां वडिलांचा आवाज शिट्टीच्या वरून कसाबसा ऐकूं आला, परंतु आईचे शब्द पार बुडून गेले. दादा बराच वेळ कान देऊन बसले आणि मग एवढेंच म्हणाले, “यांत आई होती ना रे?”

पुतण्यास फार वाईट वाटलें. घरीं आल्यावर तो मला म्हणाला, “काका, पार्श्वभूमीची खरखर पुसून टाकणारा एक प्रोग्रॅम आहे. आज रात्रीं ही फाईल त्यांतून काढतों आणि जुनीच्या जागीं ठेवतों.” त्याचा हेतु चांगला होता, पण मीं त्यास थांबविलें. असा प्रोग्रॅम मोठ्या आवाजाखालीं जें क्षीण असेल त्यावर हात चालवितो. त्या क्षीण आवाजांत यंत्राची खरखर कोणती आणि दुसऱ्या खोलींतून बोलणारी आमची आई कोणती, हें त्यास कसें कळावें? शिवाय शिट्टी त्या प्रतींत आहे कीं नाहीं, हेंच अजून कोणीं पाहिलेलें नव्हतें.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जागीं ज्यांनीं जुने कागद हाताळले आहेत त्यांना माझें म्हणणें लगेच पटेल. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं १९२७ मध्यें तें मंडळ स्थापन झालें. एकुलत्या एका पोथींत अक्षर संशयित वाटलें तर तें खरवडून कोणी नवें लिहीत नाहीं. प्रथम विचारावयाचें तें असें कीं, हा दोष मूळ ग्रंथाचा, नकलकाराचा, कीं वाचणाऱ्याच्या दिव्याचा?

न्यायशास्त्र शिकलेल्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित आहेत. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. धूम आणि अग्नि यांच्यापुरतें हें शिकून आपण तें फडताळांत ठेवून देतों. परंतु मोटारीच्या शिट्टीस तेंच लागू पडतें. अट एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

प्रथम आम्ही तीच प्रत घरीं, कानास हेडफोन लावून ऐकली. फितीची मंद सरसर होती, पण शिट्टी नव्हती. आईचे शब्द दूरचे असले तरी स्पष्ट होते. म्हणजे ध्वनिमुद्रण निर्दोष ठरलें. पुतण्यानें त्याच वेळीं पुसण्याचा बेत सोडला.

नंतर गाडींत बसून इंजिन बंद ठेवून ऐकलें, शिट्टी नाहीं. इंजिन सुरू केलें, शिट्टी आली. मग इंजिन चालूच ठेवून संगणकापासून ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे, जाणारी आवाजाची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाशीं काढून घेतली. सर्व शांत. यावरून अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर हेही दोषमुक्त झाले. एका दुकानदारानें नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयास सुचविलें होतें. तो खर्च येथेंच वांचला. त्यानंतर त्याच तारेस खिशांतला मोबाईल जोडला. तो स्वतःच्या बॅटरीवर चालत असतां आवाज स्वच्छ होता. गाडीच्या सॉकेटमधून त्यास चार्जर लावतांच शिट्टी परत आली. शेवटीं संगणक गाडीच्या विजेवरून काढून, मागच्या आसनावर ठेवलेल्या वेगळ्या बॅटरीवर चालविला, शिट्टी गेली. एवढ्यानें निर्णय झाला. आवाज ज्या वाटेनें जातो त्या वाटेस गाडीच्या विजेची वाट कोठेंतरी मिळाली होती.

आतां याचें कारण पाहूं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारें अल्टरनेटर तीन फेजांची वीज उत्पन्न करतें आणि सहा डायोड ती एकदिश करतात. तथापि ती अगदीं सपाट होत नाहीं. तिच्यावर बारीक लाटा राहतात. समजा, अल्टरनेटर इंजिनाच्या अडीच पट वेगानें फिरतें आणि त्यांत चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या आहेत. इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असतां या लाटा सेकंदास १२०० होतात, आणि २००० फेऱ्यांवर ३०००. शिट्टी वेगाबरोबर चढते ती यामुळें. आणि मनुष्याच्या बोलण्यांतील व्यंजनें ओळखण्यास जे स्वर लागतात ते बरेचसे याच टापूंत येतात. म्हणून वडिलांचा खर्ज वांचला आणि आईचे शब्द गेले.

या लाटा आवाजांत शिरतात त्या बहुधा अर्थच्या वाटेनें. मोटारींत बॅटरीची ऋण बाजू पत्र्यास जोडलेली असते आणि सारा पत्रा हीच परतीची तार समजली जाते. आमच्या गाडींत संगणकाचा अर्थ डॅशबोर्डमागील एका स्क्रूस होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा मागें डिकींत. दोन्ही ठिकाणें पत्र्यानें जोडलेलीं. आणि आवाजाच्या तारेवरील जाळीनेंही जोडलेलीं. असें एक कडें पूर्ण झालें. पत्र्यांतील वीज थोडीशी त्या जाळींतूनही वाहूं लागली.

ही थोडीशी म्हणजे किती, हें पाहण्यासारखें आहे. संगणकांतून निघणाऱ्या आवाजाच्या विजेचा जोर सुमारें एक व्होल्ट असतो. त्याचा सहस्रांश, म्हणजे एक मिलिव्होल्ट, एवढी भेसळ झाली तरी शांत जागीं ती कानास कळते. आतां पत्र्यावरील एखाद्या सांध्याचा रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच आहे, आणि त्यांतून १० अँपियर प्रवाह जात आहे, असें धरा. त्या सांध्याच्या दोन बाजूंत ०.१ व्होल्टचा फरक पडतो. त्याचा शंभरावा हिस्सा जरी थरथरता असला, तरी तो एक मिलिव्होल्ट झाला.

कारण कळल्यावर उपाय साधा होता. गल्लींतील मोटारीच्या इलेक्ट्रिशियननें तो अर्ध्या दिवसांत केला. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. संगणकाची वीज सॉकेटमधून घेण्याऐवजीं अ‍ॅम्प्लिफायरला जेथून मिळते तेथूनच जाड तारेनें, मध्यें योग्य फ्यूज घालून, घेतली. दोघांचा अर्थ डिकींतील एकाच बोल्टावर आणला. त्या जागचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, आंखूड व जाड तार घट्ट आवळली आणि गंज चढूं नये म्हणून वर व्हॅसलीन लावलें. आवाजाची तार विजेच्या तारेबरोबर एकाच बाजूनें बांधलेली होती, ती दुसऱ्या बाजूनें नेली. आणि जेथें दोघींनीं एकमेकींस ओलांडणें अटळ होतें तेथें ती काटकोनांत ओलांडली. शेवटीं संगणकाचा आवाज वाढवून अ‍ॅम्प्लिफायरची तीव्रता कमी केली, कारण मूळ आवाज सबळ असेल तर वाटेंतील भेसळ कमी जाणवते.

बाजारांत या कामासाठीं ट्रान्सफॉर्मरची एक छोटी डबी मिळते. ती आवाजाच्या तारेंत घातली असतां कडें तुटतें आणि शिट्टी जाते. परंतु हलक्या डबीनें खर्जाचे स्वरही बारीक होतात; म्हणून ती शेवटचा उपाय समजावी. इंजिन बंद असतांही किरकिर येत असेल, तर संगणकाची वीज बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरकडे पाहावें. आणि १९७६ मध्यें सुरू झालेल्या आकाशवाणीच्या जळगांव केंद्रासारखें मध्यम लहरींवरील केंद्र लावलें असतांच तडतड होत असेल, इतर वेळीं नसेल, तर तो रोग निराळा. ती बाधा हवेंतून एरिअलवर येते. पेट्रोलच्या इंजिनांतील ठिणगीपासून ती उत्पन्न होते, किंवा उच्च दाबाच्या विजेच्या तारांखालून जातांना. हर्ट्झनें १८८७ च्या सुमारास रेडिओच्या लहरी सिद्ध केल्या त्या ठिणग्यांनींच, हें लक्षांत घेतलें म्हणजे यांत नवल वाटत नाहीं.

दोन गोष्टींविषयीं मात्र घरांतील तरुणांस बजावलें पाहिजे. कडें तोडावयाचें म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ कधींही काढूं नये. मग त्याची सारी वीज आवाजाच्या नाजूक जाळींतून जाऊं पाहते आणि तार जळते. तसेंच घरच्या रेडिओची वा ध्वनिवर्धकाची घुरघुर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक आहेत. घुरघुर जाते खरी, परंतु पुढें यंत्रांत बिघाड झाला तर धक्का ज्याचा हात लागेल त्यास बसतो. आवाजाच्या स्वच्छतेसाठीं जिवाचें रक्षण सोडावयाचें नसतें. मोटारींतही सीटबेल्टचे आणि एअरबॅगचे बोल्ट या कामीं घेऊं नयेत, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ खरवडाखरवड करूं नये.

पुढच्या महिन्यांत आम्ही सर्व धुळ्यास निघालों. एरंडोल मागें पडल्यावर पुतण्यानें कांहीं न बोलतां ती फीत लावली. वडिलांचा अमरकोश चालू झाला, आणि मग स्वयंपाकघरांतून आई बोलली. दादांनीं तें दोनदां लावावयास सांगितलें. नंतर वहिनींकडे वळून ते म्हणाले, “आईला तेव्हां सर्दी झाली होती वाटतं.” आम्ही हेडफोन लावून इतक्या वेळां ऐकलें होतें, पण तें आमच्यापैकीं कोणाच्याही लक्षांत आलें नव्हतें.

त्या प्रोग्रॅमशीं माझें वैर नाहीं. पुतण्यानें पुढें त्यांतून एक वेगळी प्रत करून पाहिली. तींत वडील अधिक स्वच्छ ऐकूं येतात, आणि आईची सर्दी ऐकूं येत नाहीं. ती प्रतही आम्ही ठेवली आहे. मूळ मात्र जशीच्या तशी दोन निरनिराळ्या जागीं, एक जळगांवीं आणि एक धुळ्यास बहिणीकडे, ठेवली आहे. ज्यांच्या घरीं अशा जुन्या फिती कपाटांत पडून असतील त्यांनीं त्या चिकटण्यापूर्वीं उतरवून घ्याव्या, आणि उतरविलेल्या आवाजांत कांहीं दोष वाटला, तर पुसावयास बसण्यापूर्वीं तो आवाज दुसऱ्या यंत्रावर एकदां ऐकून पाहावा.