भीमाशंकरच्या गवताखालचं पेव

भीमाशंकरला जाणाऱ्या मैत्रिणींची पावलं सरळ देवळाकडे वळतात. दर्शन झालं, नशीब असेल तर शेकरू दिसलं, की लागलीच परतीची एस.टी.! पण मंचर-घोडेगावमार्गे जाताना डिंभे धरण मागं पडलं, की डोंगरउतारावरच्या गवताकडेही जरा पाहा. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात अगदी ओसाड. "इथं काहीच नाही, झाडं तरी लावायची!" असं तुमच्याही मनात येईल.

तर मैत्रिणींनो, आपल्या आज्या धान्य दोन ठिकाणी साठवत. रोजचं कणगीत आणि पुढची बेगमी जमिनीखालच्या पेवात. निसर्गाचंही तसंच आहे. झाड हवेतला कार्बन घेतं आणि बराचसा खोडाफांद्यांत ठेवतं. ही झाली कणगी. गवताचा खरा पसारा मात्र जमिनीखाली, मुळांचा. जुनी मुळं कुजतात, नवी फुटतात आणि कार्बन मातीत मुरत राहतो. वणव्यात कणगी जळते. पेव बहुतांशी शाबूत राहतं. जगभरच्या मातीत हवा आणि वनस्पती मिळून असलेल्या कार्बनपेक्षाही जास्त कार्बन आहे, बरं का! पण नांगर फिरला, की ही साठवण हळूहळू हवेत जाऊ लागते.

हे मोजायचं कसं? तरुण संशोधक ठराविक खोलीवरची माती काढतात, वाळवतात, चाळतात आणि मग प्रयोगशाळेत तिच्यातला कार्बन मोजतात. निम्मं काम आपल्या स्वयंपाकघरातलंच म्हणा ना!

आता भीमाशंकरचं दाट रान, १९८५ साली अभयारण्य झालेलं, किंवा आहुप्याची देवराई, तिथं झाडंच हवीत. जिथं जंगल तुटून गवत आलं, तिथं ते परत आलं तर आनंदच. पण घाट सोडून पूर्वेला शिरूरकडे निघालात, की पाऊस कमी होत जातो आणि उघडी माळरानं लागतात. हीसुद्धा तुटलेली जंगलंच, असा आपला समज. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, लोककथा आणि ओव्या धुंडाळून २०२५ साली दाखवून दिलं, की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं निदान साडेसातशे वर्षं अशीच आहेत. जात्यावरची ओवीही शास्त्राच्या कामी आली!

म्हणून तुमचं महिला मंडळ वृक्षारोपणाला निघालं, तर आधी गावातल्या जाणत्यांना विचारा, की इथं पूर्वी रान होतं की माळ? रान असेल तर तिथलीच झाडं लावा. माळ असेल तर खड्डे खणू नका. ते गवत मेंढरांचं, चिंकाऱ्याचं आणि लांडग्याचंही घर आहे. झाडांची हौस शाळेच्या आवारात, घराच्या परसात भागवा. आणि भीमाशंकरच्या उतारावर पेटती काडी टाकू नका. कसदार माती पाणीही धरून ठेवते, आणि इथं उगम पावणारी भीमाच पुढं पंढरपुरी चंद्रभागा होऊन वाहते.