अमेरिकेचं दार आणि आपलं दार

अमेरिकेवर काही लिहिलं की खाली एक प्रश्न ठरलेला असतो. "पेणमध्ये बसून ट्रम्पची उठाठेव कशाला? आधी हायवेचे खड्डे बघा." खड्डे आहेतच. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चालू आहे, त्यावर लिहिलंय आणि परत लिहीन. आज मात्र अमेरिकेवरच लिहितोय, कारण ती आपल्या आळीपर्यंत येऊन पोचलीय.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या बऱ्याचशा मालावरचं आयात शुल्क ५० टक्के केलं. २५ टक्के ७ ऑगस्टपासून होतंच, रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५. परदेशी जाणारे आपले बाप्पा बोटीने जातात, त्यामुळे ते पावसाळ्याच्या आधीच पेणहून निघतात. त्या वर्षीच्या मूर्ती त्या तडाख्यातून सुटल्या. प्रश्न पुढच्या वर्षीचा होता. असं शुल्क भरतो तिकडचा व्यापारी. पण भरल्यावर तो दोनच गोष्टी करू शकतो. एक तर तिकडे किंमत वाढवायची, नाहीतर इकडच्या कारखानदाराला म्हणायचं, "भाव कमी कर." कारखानदार कमी करतो तेव्हा कुठून करतो? शाडू स्वस्त होत नाही, रंग स्वस्त होत नाही. कमी होते ती हमरापूर-जोह्यात मान खाली घालून डोळे आखणाऱ्याची मजुरी. व्हाइट हाऊसमधली सही अशी फिरत फिरत त्या माणसाच्या हातावर येऊन पडते.

टपालाचंही तेच. स्वस्त पार्सलांना अमेरिकेत असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून गेली. त्याच्या आधीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला, तीही मालावरचं ५० टक्के शुल्क आधीच वसूल करून. तोवर दिवाळी पाच दिवसांवर आलेली. पोह्याचे पापड, चकल्या, अनारसे लेकीला पाठवणाऱ्या आयांना विचारा, अमेरिकेचं राजकारण दूरचं वाटतं का.

हे झालं मालाचं. आता माणसांचं.

१९ सप्टेंबरला नवा हुकूम निघाला. नव्या एच-वन-बी व्हिसासाठी कंपनीने १ लाख डॉलर भरायचे, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा मुलगा तेव्हा सुट्टीवर घरी आला होता. शनिवारी पहाटे कंपनीचा मेसेज आला, "मिळेल त्या विमानाने परत या." पोरगा तसाच बॅग भरून मुंबईला पळाला. नंतर खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना हे लागू नाही. पण त्या दोन दिवसांत त्या घराने जे भोगलं ते खुलाशाने भरून येत नाही. दहा वर्षं कर भरलेला माणूस एका रात्रीत परका ठरू शकतो, हे त्या घराला कळलं.

आणि इथेच मला बोलायचंय. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प जिंकले तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. "आता घुसखोरांना हाकलणार" म्हणून. फेब्रुवारीत १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं. त्यात महाराष्ट्रातलेही होते. तरी काही जण म्हणालेच, "ते बेकायदा गेले होते, आपली मुलं कायद्याने गेलीत." सप्टेंबरात वेळ कायद्याने गेलेल्यांवर आली.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. भगतसिंग थिंड नावाचे एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व त्या काळी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. थिंड यांचा दावा काय होता? हा नियमच अन्यायाचा आहे, असा नव्हता. मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून मीही गोराच, असा होता. सखाराम गणेश पंडित नावाचे वकील त्यांच्या बाजूने उभे होते. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. "मी त्यांच्यातला नाही, मी तुमच्यातला" हा युक्तिवाद तेव्हाही चालला नाही आणि आताही चालत नाही. दारावरचा माणूस ठरवतो कोण आपला ते.

मग दार उघडलं कधी? १९६५ च्या कायद्याने. त्याच्या आधीची काही वर्षं तिथले काळे लोक बरोबरीच्या हक्कासाठी रस्त्यावर मार खात होते, तुरुंगात जात होते. त्या लढ्याने हवा बदलली आणि वंशावरून कोटा ठरवणं अमेरिकेला लाजिरवाणं झालं. आपल्या डॉक्टर-इंजिनियरांची अमेरिका त्या मारातून आलीय. म्हणून आपलीच माणसं तिथे काळ्या लोकांबद्दल नाक मुरडतात तेव्हा मला चीड येते.

आता आपल्या दाराकडे बघू. रोह्याला धाटाव एमआयडीसीत शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर कोणकोणत्या भाषा ऐकू येतात, ते तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पेणच्या कारखान्यांत, विटभट्ट्यांवर, बांधकामांवर तेच. आणि त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो? "यांना हाकला, यांच्यामुळे पोरांना काम नाही." ओहायोमधला बेकार माणूस काकूंच्या मुलाबद्दल हेच वाक्य बोलतो, फक्त इंग्रजीत. आणि इथे तर तो बिहारी याच देशाचा नागरिक आहे, त्याला कुठला व्हिसाही लागत नाही. आपल्या पिढ्याही चाकरमानी म्हणून मुंबईला गेल्याच ना?

गाऱ्हाणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. कारखान्याला जमीन गेली त्यांच्या पोरांना कायमची नोकरी मिळत नाही, हे खरंच आहे. पण बारा तास कंत्राटी राबणारा बिहारी पोरगा त्याला जबाबदार नाही. त्याला कमी पैशात राबवणारा ठेकेदार आणि त्याकडे कानाडोळा करणारं कामगार खातं जबाबदार आहे. तिकडेही एच-वन-बीचा गैरवापर कंपन्या करतात, शिव्या मात्र पोरांना बसतात. दुबळ्याला दुबळ्याशी झुंजवणं सोपं असतं, म्हणून पुढारी तेच करतात. तिकडचे आणि इकडचेही.

आपल्याला दुसरी रीतही येते, हे विसरू नका. २००८ साली महामुंबई सेझविरुद्ध पेण तालुका उठला, तेव्हा कुणा परप्रांतीय मजुराला मारलं नव्हतं. भांडण थेट सरकारशी आणि कंपनीशी होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर सरकारला मतदान घ्यावं लागलं. याला म्हणतात आपला हक्क मागणं.

अमेरिकेतही सगळं संपलेलं नाही. हे शुल्क लावायचा राष्ट्राध्यक्षांना अधिकार नाही असं तिथल्या अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, आणि ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. पण आपल्या पोरांशी तिकडे जसं वागावं असं वाटतं, तसं इकडे आलेल्या पोराशी वागायला आपल्याला कुठल्या कोर्टाच्या निकालाची गरज नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मुद्दा मांडा, उत्तर देईन. शिव्या दिल्यात तर डिलीट करेन.