बेसमेंटमधली चांदमारी

“तुमच्या घरात बंदूक?” आमच्या मित्रमंडळींत हा प्रश्न हल्ली आम्हाला हमखास विचारला जातो, आणि तोही चहाचा कप खाली ठेवून. मिनेसोटातल्या मंडळींना ठाऊकच आहे की इथल्या बऱ्याच हायस्कुलांत बास्केटबॉलसारखीच ट्रॅप शूटिंगचीही टीम असते. आमच्या कन्येनं २०२३ साली त्या टीममध्ये जायचं ठरवलं. इथल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्यांनी झोप उडालेले आम्ही आईबाप! आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी आम्ही अट घातली: आधी राज्य सरकारचा बंदुकीच्या सुरक्षिततेचा कोर्स, मग टीम. (तो कोर्स टीमलाही लागतोच, पण अट आपली म्हणून घातली की जरा बरं वाटतं.)

शॉटगन घरात आणायची नाही हेही ठरलं. ती क्लबात, कोचच्या डोळ्यांदेखत वापरायची. पण खर्च! ट्रॅपचा एक डाव २५ बारांचा. २५ काडतुसांचा डबा दहा-बारा डॉलरना, वर तबकड्यांचे पैसे वेगळे. शनिवारी चार डाव झाले की इंडियन ग्रोसरीचं बिल परवडलं म्हणायची वेळ. शिवाय पहिल्याच दिवशी बाईसाहेब खांदा काळानिळा करून आल्या.

टीमबरोबर येणाऱ्या एका अमेरिकन आजोबांनी उपाय सांगितला: साधी छर्‍याची एअरगन घ्या आणि तिच्या नळीवरची माशी काढून टाका. आम्हाला ही थट्टाच वाटली. नेम धरायची माशीच नाही तर नेम धरायचा कसा? पण यामागं जुना अनुभव आहे. १९६७ साली अमेरिकन सैन्यानं फोर्ट बेनिंगला सैनिकांना झटपट नेमबाजी शिकवायला डेझी कंपनीच्या, माशी नसलेल्या एअरगनच वापरल्या होत्या. उडत्या तबकडीवर बार टाकताना नळीकडे बघायचंच नसतं; दोन्ही डोळे उघडे ठेवून तबकडीकडे बघायचं. चेंडू झेलताना आपण हाताकडे कुठं बघतो?

झालं, बेसमेंटमध्ये चांदमारी सुरू झाली. मागं पुठ्ठ्याची खोकी, त्यांच्यापुढं दोन सोलापुरी चादरी सैल टांगलेल्या, म्हणजे छर्रा दमून खाली पडतो. पोलादी छर्रा कठीण जागेवर आपटला की उलटा येतो, म्हणून खोलीत येईल त्यानं चष्मा घालायचाच. दोरीला डब्याचं झाकण बांधून झोका द्यायचा. कन्या बंदूक उचलते, दस्ता गालाला टेकवते, झाकणाबरोबर नळी फिरवते, आणि चाप ओढल्यावरही नळी थांबवत नाही. हे शेवटचंच सगळ्यांत अवघड. सहा हजार छर्‍यांची बाटली मिळाली पंधरा डॉलरच्या आत.

अर्थात एअरगन म्हणजे शॉटगन नव्हे. बारा बोअरच्या काडतुसातून बारीक छर्‍यांचा, सुमारे ४०० दाण्यांचा, थवा सुटतो. इथं एकुलता एक. धक्का नाही, आवाजही फटाकडीइतका नाही. आणि ताशी ४० मैलांच्या आसपास वेगानं पळणाऱ्या तबकडीच्या किती पुढं बार टाकायचा, हे झोक्यावरच्या झाकणाकडून शिकता येत नाही. त्याला रेंजवरच जावं लागतं. पण गाल, डोळे आणि नळीचं फिरणं एवढं घरी घोटून झालं, की रेंजवरची काडतुसं वाया जात नाहीत. पहिल्या मोसमात पंचविसांत दहा-अकरा तबकड्या फुटायच्या, दुसऱ्यात सतरा-अठरा. यात कोचचाही वाटा आहेच.

गेल्या उन्हाळ्यात वाईहून आजी आल्या. “जत्रेत फुगे फोडायची बंदूक ती हीच ना गं? तिची नळी मुद्दाम वाकडी करून ठेवायचे मेले!” म्हणत त्यांनी हात पुढं केला. “आजी, आधी चष्मा घाल,” नात म्हणाली. आजींनी नाकावरच्या वाचायच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. चालला नाही, वरून मोठा चष्मा चढवावाच लागला.

आमची भीती गेली असं म्हणवत नाही. एअरगनसुद्धा आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवतो, किल्ली आमच्याकडे असते, आणि बातम्या लागल्या की अजूनही दोघं एकमेकांकडे बघतो. बाकी व्हॅक्यूम क्लीनर तेवढा दर रविवारी खडखडतो.