साखऱ्याच्या ताटात सारं जग

मुलांनो, आमच्या गावाचं नाव साखरा. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात हे गाव आहे. नाव किती गोड, नाही? पण गावचं रोजचं खाणं मात्र चांगलंच झणझणीत! ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. पाहुणा आला की आधी चहा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. तुमच्याकडंही थोडंफार असंच असेल. आज या ताटाबरोबर आपण एक फेरफटका मारू. गावाबाहेर पाऊल न टाकता चार खंडं फिरून येऊ.

सुरुवात साखरेपासूनच करू. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायची कला आपल्या देशात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच अवगत होती. संस्कृतात तिला शर्करा म्हणत. हा शब्द मालाबरोबर निघाला. इराणात तो शकर झाला, अरबस्तानात सुक्कर झाला आणि युरोपात पोचता पोचता इंग्रजांच्या तोंडी शुगर झाला. म्हणजे 'शुगर' हा आपल्या शर्करेचाच परदेशी गेलेला नातू! पण गंमत पाहा, ज्या उसापासून साखर होते तो ऊस मूळचा दूरच्या न्यू गिनी बेटावरचा. पीक बाहेरून आलं आणि कला इथून गेली.

एकदा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात लिहिलं 'इथलं' आणि दुसऱ्यात 'बाहेरून आलेलं'. मुलांनी भराभर नावं सांगितली. ज्वारी, मिरची, शेंगदाणे, बटाटा, तूर, हळद सगळं 'इथलं' मध्ये. दुसऱ्या रकान्यात एकटा चहा. "तो इंग्रजांचा ना, सर!" मग मी एकेक नाव पुसून दुसऱ्या रकान्यात लिहायला लागलो, तशी मुलं कुरकुरायला लागली.

पहिली पुसली मिरची. मिरची मूळची अमेरिकेची. 1492 साली कोलंबस निघाला होता आपल्याकडचे मिरे शोधायला. तो पोचला भलतीकडंच, आणि तिथं त्याला सापडली मिरची. पुढं 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडं आली. त्याआधी आपले लोक तिखटासाठी मिरे, पिंपळी आणि आलं वापरत. नवी वस्तू मिऱ्यासारखी तिखट, म्हणून नाव पडलं मिरची.

आता विचार करा. आपल्याच जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. नामदेवांचा जन्म 1270 सालचा. नामदेवांनी विठ्ठलाला नैवेद्य भरवल्याची गोष्ट तुम्ही वाचलीच असेल. पण त्या नैवेद्यात मिरची असणं शक्य नव्हतं. बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता, टमाटाही नव्हता. नामदेवांनी आयुष्यात कधी मिरचीचा ठेचा चाखला नाही! हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. मग मागून एकजण म्हणाला, "मग ते भाकरी कशासंगं खात असतील, सर?"

एकादशीचं ताट तर त्याहून मजेदार. ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो दक्षिण अमेरिकेचा. हल्ली आपला बराचसा साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. त्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, सोबतचं रताळंही तिकडचंच. ज्वारीची भाकरी उपासाला चालत नाही, पण साता समुद्रापलीकडून आलेली ही मंडळी बिनधास्त चालतात!

ज्वारी तरी आपली असेल? मूळ शोधत गेलं तर तिचं माहेर आफ्रिका, आजच्या सुदानकडचा भाग. पण ती इथं आली त्याला हजारो वर्षं झाली. आपल्या काळ्या मातीत, थंडीतल्या ओलीवर ती अशी रुजली की माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा दोन्ही तिनंच पुरवलं. हुरडा, कण्या, आंबील ही सारी तिची लेकरं. माहेर कुठलंही असो, इतकी वर्षं नांदल्यावर तिला परकी कोण म्हणेल?

मग 'इथलं' या रकान्यात उरलं तरी काय? तूर उरली. तुरीचे रानटी भाऊबंद ओडिशा आणि बस्तरच्या जंगलात अजून सापडतात. आणि उरली हळद. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतची हळद सगळीकडं प्रसिद्ध आहे. या हळदीची गोष्ट ऐकाच. 1995 साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांना जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे 'हा शोध आमचा' असा सरकारी शिक्का. आपल्या आज्या तर बोट कापलं की पहिली हळदच दाबतात! पण आजी करते, एवढं सांगून भागत नव्हतं. लेखी पुरावा लागत होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या परिषदेचे प्रमुख होते, त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांतले आणि लेखांतले दाखले गोळा करून पुढं ठेवले. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

पण गावातल्या कितीतरी गोष्टी कुणीच लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यातली एक मला वर्गातल्या एका मुलीच्या आजीनं सांगितली. 1972 च्या दुष्काळात शेतात दाणा पिकला नाही. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची. लोक तिला मिलो म्हणत. "लाल भाकर व्हायची बाबा, थापताना फुटायची. पण तिच्यावरच लेकरं जगली," आजी म्हणाल्या. त्यांना ठाऊक नव्हतं की ती मिलोही ज्वारीचीच बहीण. आफ्रिकेतून अमेरिकेला गेलेली आणि जगाला वळसा घालून मराठवाड्यात आलेली. नात शेजारीच बसली होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं.

आज आमच्या शिवारात पावसाळ्यात जिकडं तिकडं सोयाबीन दिसतं. तेही चीनकडून आलेलं. त्याचा पैसा हातात येतो, म्हणून शेतकरी ते पेरतो. त्यात त्याचं चुकलं असं नाही. पण ज्वारी मागं सरकली, कडबा महागला, हुरड्याची आगटी कमी पेटते. एकदा डबा खाताना एक मुलगा झाकण आडवं धरून जेवताना दिसला. आत भाकरी होती. शेजारच्याच्या डब्यात बिस्किटं होती, म्हणून याला लाज वाटली. पुढं संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, त्यात ज्वारीचाही मान होता. दुकानात तीच ज्वारी छान पाकिटात बसून महाग झाली. आणि आपण मात्र डब्याचं झाकण आडवं धरायचं? छे!

तेव्हा दोस्तांनो, एक काम करा. एक शंभर पानी वही घ्या. आजीजवळ, आजोबांजवळ बसा. त्यांच्या लहानपणी चूल कशावर पेटायची, दुष्काळात काय खाल्लं, घरात चहा पहिल्यांदा कधी आला, आता कुठलं पीक दिसत नाही हे सगळं विचारा आणि त्या बोलतील त्याच शब्दांत उतरवून घ्या. वर तारीख आणि गावाचं नाव टाकायला विसरू नका. आणि हो, हे काम उद्यावर ढकलू नका. ग्रंथ शंभर वर्षं कपाटात वाट पाहतो. आजीचं तसं नसतं.