कोप नव्हे, कूज

पीक हातचे गेले की माणूस कारणाआधी दोषी शोधतो. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी पूर्वजांच्या पापाचे नाव घेतो, तर कोणी थेट देवाच्या कोपावर बोट ठेवतो. वाडी-शेतीवर पोसलेल्या आम्हां वसईकरांना हे बोल अपरिचित नाहीत. वनस्पतींच्या कूजरोगांवरील संशोधनाचा इतिहास वाचताना ते आम्हांला वारंवार आठवतात.

या इतिहासाचे पहिले पान आयर्लंडात उघडते. तेथील गरीब कॅथलिक कुळे खंड भरण्यासाठी धान्य पिकवीत आणि स्वतः बटाट्यावर जगत. तो बटाटाही बहुतांशी 'लंपर' या एकाच जातीचा. 1845 च्या उन्हाळ्याअखेरीस शेते काळवंडू लागली. जमिनीतून काढलेले बटाटे हातातच कुजत. पुढील काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसे भुकेने व तापाने मेली आणि जवळजवळ तितकीच बोटींत बसून देशोधडीस लागली. त्याच काळात आयरिश बंदरांतून धान्य मात्र इंग्लंडकडे जात राहिले. सरकारी मदतकार्याचे सूत्रधार चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना या दुष्काळात ईश्वरी योजना दिसली. कुजणारा बटाटा हा निसर्गाचा भाग होता. परंतु उपाशी माणसाच्या दारावरून धान्याच्या गाड्या नेणे हा माणसांचा निर्णय होता. देवाच्या नावावर आपला निर्णय खपविणे किती सोपे असते!

योगायोग असा, की या समजुतीला पहिले सबळ उत्तर मिळाले तेही एका धर्मसेवकाकडून. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात राहणारे माइल्स जोसेफ बर्कली हे अँग्लिकन धर्मगुरू होते आणि बुरशींचे गाढे अभ्यासकही. रोगट पानांवरची पांढुरकी लव त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि 1846 मध्ये निर्भयपणे लिहिले, की ही बुरशी रोगाचा परिणाम नसून रोगाचे कारण आहे. जॉन लिंडली यांच्यासारखे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्याशी असहमत होते. अतिपावसाने बटाटा आतून सडतो व मागाहून त्यावर बुरशी येते, असे त्यांचे मत. अखेर 1861 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बेरी यांनी निरोगी रोपांवर बीजाणू सोडून रोग निर्माण करून दाखविला आणि वाद मिटला. पुढे त्यांनीच या जिवाला 'फायटॉफ्थोरा', म्हणजे वनस्पतिनाशक, असे नाव दिले. आजचे शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत न गणता शैवालांच्या जवळचा मानते.

कारण कळले तरी औषध नव्हते. ते सापडले फ्रान्सच्या मेदोक प्रांतात. 1882 मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांना द्राक्षमळ्यांच्या कडेने चालताना दिसले, की केवडा रोगाने सगळे वेल उघडे पडले असता रस्त्यालगतचे वेल तेवढे हिरवे आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर तांब्याचा क्षार व चुना शिंपडला होता! मिलार्दे यांनी प्रयोग करून 1885 मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवले. तेच आपले बोर्डो मिश्रण.

वाचकहो, हे मिश्रण आमच्या घरी पुस्तकातून आले नाही. फायटॉफ्थोराच्याच कुळातील दुसरी जात पानवेलीची मुळे कुजविते. एका पावसाळ्यात आमच्या वाडीतील वेल ओळीने माना टाकू लागले. घरचा किराणा आणि भावंडांच्या शाळेची फी त्याच पानांवर चाले. शेजारी दृष्टीची गोष्ट काढीत होते. वडिलांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मोरचूद आणावयास बाजार गाठला. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडे टाळायचे आणि मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतीत ढवळत राहायचे. मग त्यात कोयता बुडवून पाहायचा; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. कुजलेले वेल परतले नाहीत. उरलेले मात्र तगले. पुढील वर्षांपासून पहिल्या पावसाआधीच फवारणी होऊ लागली, कारण तांबे पानावर आधी बसलेले असेल तरच रुजू पाहणारा बीजाणू मरतो. आत शिरलेल्या रोगापुढे ते हतबल असते.

तथापि औषधालाही मर्यादा असते. वर्षानुवर्षे फवारलेले तांबे मातीत साठते आणि गांडुळांना व जमिनीतील अन्य जिवांना बाधते. वनस्पतीच्या अंगात भिनणारे मेटालॅक्झिल हे नवे औषध आले, तेव्हा शेतकरी निर्धास्त झाले होते. पण त्याच आयर्लंडात 1980 मध्ये रोगाने त्याला दाद देणे थांबविले. म्हणून आता भर आहे तो अनेक उपायांच्या मेळावर: रोगप्रतिकारक जाती, पाण्याचा निचरा, निरोगी बेणे, शेणखतात मुरविलेली ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आणि गरजेपुरतेच औषध.

आमच्या वाड्या आता आक्रसल्या आहेत, तरी ज्यांच्या हाती चार गुंठे उरले आहेत त्यांनी एकाच जातीवर सारा भार टाकू नये, हे लंपर बटाट्याने शिकविलेले गणित ध्यानी ठेवावे. आणि दुसऱ्याच्या शेतात कूज दिसेल तेव्हा त्याचे पाप मोजीत बसू नये. त्या वेळी त्याला हवा असतो थोडा चुना, थोडे मोरचूद आणि फवारणीला एक जास्तीचा हात.