नंतर बघू

माझ्या चाचण्यांमध्ये लोक ज्या बटणावर सगळ्यात जास्त खूश होतात, ते बटण दिसतं त्यापेक्षा बरंच कमी काम करतं. ‘पाठवा’ दाबलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काही सेकंद एक काळी पट्टी येते आणि तिच्यावर ‘अनडू’ असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की गेलेली मेल परत येते, असं सगळ्यांना वाटतं. ती गेलेलीच नसते. तेवढे सेकंद ती आपल्याच सर्व्हरवर थांबून असते. जीमेलच्या प्रायोगिक विभागात २००९ साली ही सोय आली तेव्हा थांबायची मुदत पाच सेकंदांची होती. २०१५ मध्ये ती सगळ्यांसाठी नेहमीची झाली, आणि आता सेटिंगमध्ये जाऊन ती तीस सेकंदांपर्यंत नेता येते.

मेलच्या अशा सोयी आखायच्या आणि मग त्या वापरणाऱ्या माणसाशेजारी बसून गप्प राहायचं, हा माझा व्यवसाय. त्यातला गप्प राहण्याचा भाग जास्त अवघड आहे.

पाठवण्याआधी ‘तुम्हाला नक्की पाठवायची आहे का?’ असं का विचारत नाही, हा प्रश्न मला बैठकीत दर वेळी कुणीतरी विचारतं. उत्तर चाचणीत दिसतं. अशी चौकट आली की वाक्य वाचून व्हायच्या आत बोट ‘हो’वर गेलेलं असतं. नंतर विचारा, चौकटीत काय लिहिलं होतं? आठवत नाही. त्यांची चूकही नाही. पाठवण्याच्या क्षणापर्यंत माणसाला खात्रीच असते; बोट उचललं जातं, नजर वरच्या नावावर पडते आणि मग पोटात गोळा येतो. २००८ मध्ये जीमेलने ‘मेल गॉगल्स’ नावाची एक गंमत करून पाहिली होती. आठवड्याअखेरीच्या रात्री उशिरा मेल पाठवायची असेल तर आधी काही सोपी गणितं सोडवा, म्हणजे शुद्धीत आहात हे कळेल. गंमत म्हणून छान, पण रात्री दोन वाजता शुद्धीत असलेली माणसंही भलत्याला मेल पाठवतात.

आउटलुकमधली जुनी ‘रिकॉल’ याच्या दुसऱ्या टोकाला. एकाच संस्थेच्या आत आणि समोरच्याने मेल उघडली नसेल तरच तिचा उपयोग, आणि अनेकदा ‘अमुक यांना ही मेल परत घ्यायची आहे’ असा निरोप त्याला पोचायचा. तो आल्यावर कुठला सहकारी ती मेल आधी उघडणार नाही?

आधी विचारून फायदा होतो तो एकाच जागी: मजकुरात ‘सोबत जोडत आहे’ आहे आणि जोडलेलं काहीच नाही. तिथे यंत्राला काहीतरी नेमकं माहीत असतं, म्हणून माणूस थांबतो. मराठीत मात्र ही सोय करायची तर ‘सोबत जोडत आहे’, ‘फाइल पाठवतोय’, ‘अटॅच केलंय बघ’, ‘जोडपत्र पाहावे’ अशी लांबलचक यादी पोसावी लागते, आणि ‘लग्न जोडलं’ त्यात येणार नाही हेही बघावं लागतं.

या एका बटणाबद्दल इतकं लिहिलं, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. मेलचं ओझं संख्येपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं असतं. प्रत्येक मेल आपल्याकडे एक निर्णय मागते: उत्तर द्यायचं का, कधी, ठेवायची का, कुठे. माणूस त्यावर मनात ‘नंतर बघू’ म्हणतो. बाजारातली बहुतेक साधनं या ‘नंतर बघू’ला आळस समजतात आणि त्याच्यावर उपाय शोधतात. मला ते शहाणपणाचं वागणं वाटतं. ते निर्धास्तपणे करू देणारी सोय टिकते. घाई करायला लावणारी सोय लोक महिनाभरात बंद करतात.

यावरचा एक गाजलेला अभ्यास १९९६ चा, लोटस कंपनीतल्या स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर यांचा. त्यांनी तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या मेलपेट्या पाहिल्या आणि त्यांना तीन प्रकारची माणसं सापडली. एक, रोज नेमाने फोल्डरमध्ये लावणारी. दोन, कधीच न लावणारी. तीन, काही महिन्यांनी एकदा झपाटल्यासारखी साफसफाई करणारी. त्यांचं जास्त महत्त्वाचं निरीक्षण असं की इनबॉक्स ही नुसती निरोप येण्याची जागा राहिलेली नव्हती. तिथेच कामांची यादी होती, तिथेच दप्तर होतं. पूर्वी आपल्याकडे विजेची बिलं, गॅसच्या पावत्या, शाळेच्या फीची चिठ्ठी असं सगळं एका वाकड्या तारेला टोचून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेलं असे. कधीच न लावणाऱ्यांचा इनबॉक्स म्हणजे ती तार. बाहेरच्याला पसारा वाटतो, पण घरातल्याला ठाऊक असतं की या महिन्याचं बिल वरून तिसरं.

पुढे २०११ मध्ये व्हिटेकर आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी ३४५ जणांच्या मेल शोधण्याच्या ८५,००० हून अधिक हालचालींची नोंद तपासली. फोल्डर धुंडाळून जुनी मेल काढायला सरासरी मिनिटभर लागत होतं, सर्च करून सतरा-अठरा सेकंद. आणि मेल सापडण्याचं प्रमाण फोल्डरवाल्यांचं काही जास्त नव्हतं. त्या निष्कर्षानंतर आमच्या क्षेत्रात फोल्डरची जवळजवळ टिंगल सुरू झाली. ती मला पटत नाही. फोल्डरमध्ये मेल टाकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. टाकण्याआधी ती मेल पुन्हा एकदा वाचतात, तारीख बघतात, ‘हं, झालं हे’ असं पुटपुटतात. परत शोधायला लागणारे सेकंद मोजणाऱ्या अभ्यासात हे ‘झालं हे’ कुठल्या रकान्यात भरणार?

उलट ‘अर्काइव्ह’. आमच्यासारख्यांना फार आवडणारी सोय. मेल पुसली जात नाही, फक्त इनबॉक्समधून हलते, हवी तेव्हा शोधता येते. २००४ मध्ये जीमेल आलं तेव्हा एक गिगाबाइट जागा देऊन त्यांनी सांगितलं की आता पुसायची गरज नाही, बाजूला सारा. वीस वर्षं झाली, तरी चाचणीत ते बटण दाबल्यावर समोरच्याचा चेहरा पाहावा. मेल डोळ्यांसमोरून गेली म्हणजे गेली. दृष्टीआड सृष्टी. बहुतेक जण लगेच अनडू करतात आणि पुन्हा त्या बटणाच्या वाटेला जात नाहीत. कुठे गेली हे दाखवणारी हालचाल आम्ही करून पाहिली: मेल आक्रसत डावीकडच्या ‘सर्व मेल’ या ओळीत शिरते. त्यानंतर भीती बरीच उतरली. सोय तीच होती, फक्त मेल जाताना दिसायला लागली होती.

चाचणीबद्दल थोडं सविस्तर. आमच्यात एक प्रसिद्ध नियम आहे, जेकब नील्सन यांचा: पाच माणसांवर चाचणी केली की वापरण्यातले सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. त्यामागचं गणित त्यांनी आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलं. बटणाचं नाव कळतं का, ते दिसतं का, एवढ्यासाठी पाच माणसं पुरतात, हा माझाही अनुभव. मेलसाठी तो नियम तोकडा पडतो, कारण मेलमधली सोय पहिल्या तासात फसत नाही. ती फसते तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा लेबलं चाळीस झालेली असतात.

दुसरी अडचण खोट्या मेलची. प्रयोगशाळेत आपण एक बनावट खातं देतो. त्यात बनावट साहेबांची बनावट मेल, बनावट बँकेचं बनावट विवरण. माणूस ते खातं दहा मिनिटांत लख्ख करून देतो, कारण त्यातल्या कशाशीच त्याचं देणंघेणं नसतं. एकदा आम्ही ‘सहा महिन्यांपूर्वीच्या सगळ्या मेल वाचलेल्या धरा’ असं एक बटण केलं होतं. बनावट खात्यावर सगळ्यांनी ते आनंदाने दाबलं, आणि हे आमच्याकडे कधी येणार म्हणून विचारलंही. स्वतःच्या खात्यावर बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. एकीने सांगितलं, न वाचलेल्या दिसतात त्या बऱ्याचशा वाचलेल्याच आहेत. उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून तिने त्या पुन्हा ठळक करून ठेवल्या होत्या. आम्ही जो आकडा तिच्या डोक्यावरचं ओझं समजत होतो, तीच तिची कामांची यादी होती. बटण गेलं.

तेव्हापासून शक्यतो लोकांच्या स्वतःच्या मेलवरच चाचणी घेते. त्याला किंमत पडते. पडद्याचं चित्रण करायचं नाही, नावं आणि मजकूर पुसट दिसेल अशी झाकणी घालायची, आणि माणूस एखाद्या मेलवरून घाईने पुढे सरकला तर आपण खिडकीबाहेर बघायचं. काम करता करता मनातलं मोठ्याने बोला, असं आपण सांगतो. ती पद्धत मानसशास्त्रातून आलेली आहे आणि अजून तिच्याइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही. आपल्याकडे मात्र लोक पाहुणचाराच्या भाषेत बोलतात. ‘छान केलंय हो मॅडम.’ पुण्यात ही अडचण येत नसेल, असं बाहेरच्यांना वाटतं. येते. पुणेकर पाटी लावून परखड असतो. समोरासमोर, चहा पिऊन झाल्यावर, तोही ‘तसं ठीक आहे’वर थांबतो. म्हणून ‘आवडलं का’ असं मी विचारतच नाही. ‘हे तुमच्या सासूबाईंना शिकवायचं असेल तर काय सांगाल?’ असं विचारते. मग दोष धडाधड बाहेर येतात, सगळे सासूबाईंच्या नावावर.

‘स्नूझ’, म्हणजे मेल आत्ता नजरेआड कर आणि सोमवारी सकाळी परत आण. ही सोय गूगलच्या ‘इनबॉक्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये २०१४ मध्ये होती. ते ॲप २०१९ मध्ये बंद झालं, स्नूझ मात्र त्याआधीच जीमेलमध्ये आली होती. लोक ती कशी वापरतात? सोमवारची मेल मंगळवारवर, मंगळवारची गुरुवारवर. आमच्यातल्या एका गटाला हे अपयश वाटलं, आणि वारंवार पुढे ढकललेल्या मेलवर ‘ही आता काढून टाकायची का?’ अशी सूचना घातली गेली. चाचणीतले चेहरे पडले. एक गृहस्थ म्हणाले, ‘हे आमच्या साहेबांसारखं बोलायला लागलंय.’ ढकलण्यात त्यांचा काही तोटा होत नव्हता. ती मेल जिवंत आहे याची रोज एकदा खात्री पटत होती, तेवढंच त्यांना हवं होतं. सूचना काढली.

सगळ्यात मोठा दिलासा देणारी सुधारणा गेल्या काही वर्षांत झाली ती पडद्यावरची नव्हेच. जाहिरातींच्या मेलमधून नाव काढायची दुवा-ओळ तळाशी बारीक करड्या अक्षरात लपवलेली असते. लोक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ती दाबली तर आपला पत्ता चालू आहे हे त्यांना कळेल, या धास्तीने सरळ स्पॅम म्हणतात. नाव काढण्याचा पत्ता मेलच्या अदृश्य शीर्षकातच द्यावा, असं मानक १९९८ पासून आहे. अडचण अशी की विषाणू तपासणारी सॉफ्टवेअरं मेलमधले दुवे स्वतःच उघडून बघतात, म्हणजे माणसाने काही न करता त्याचं नाव निघून जायचं. २०१७ च्या मानकाने यावर तोड काढली: नुसता दुवा उघडून काही होणार नाही, मेलसेवेने मुद्दाम वेगळी विनंती पाठवली तरच नाव निघेल. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना ही एका टिचकीची सोय सक्तीची करायला सुरुवात केली. गूगलच्या लेखी मोठं म्हणजे त्यांच्या खात्यांवर दिवसाला पाच हजार मेल. ते वर ठळक दिसणारं ‘सदस्यत्व रद्द करा’ बटण बऱ्याचदा यातूनच येतं. इथे माणसाला ‘नंतर बघू’ म्हणायची वेळच येत नाही.

आता सध्याचं काम. फोल्डर नको, सर्च पुरे, हा निष्कर्ष ज्यांच्यावरून निघाला ते एका अमेरिकन कंपनीतले लोक. आपल्या मेल कशा असतात? मजकूर अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. मराठीतला निम्मा रोमन लिपीत. ‘पावती’ हा शब्द एकाच गृहनिर्माण संस्थेच्या मेलमध्ये रोमन अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी सापडतो. देवनागरीत लिहिलं तरी मराठी शब्द एका जागी बसत नाही: पाणी शोधलं तर पाण्याचं सापडत नाही, सदस्य शोधला तर सदस्यांना नाही, कारण बरेच सर्च अख्खा शब्द जुळवतात. त्यावर कडी म्हणजे ‘ॲडव्हान्स’. त्यातलं पहिलं अक्षर काही कीबोर्ड एका सांकेतिक अंकाने लिहितात, काही ‘अ’वर चंद्र चढवून दोन अंकांनी, आणि काही जण हिंदीतला ‘ऍ’ वापरतात. पहिली दोन डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसतात, संगणकाला पूर्ण वेगळी. चाचणीत एक बाई स्वतःच लिहिलेली मेल शोधत होत्या, शब्द बरोबर टाइप करत होत्या, आणि पडदा ‘काहीही सापडलं नाही’ म्हणत होता. मेल त्यांनी ऑफिसच्या संगणकावर लिहिली होती आणि शोधत होत्या फोनवर. त्या सर्चला दोष देत नव्हत्या. आपणच ती पुसली असेल, असं म्हणत होत्या. असं झालेला माणूस पुन्हा काही बाजूला सारेल कशाला?

सध्या दोन गोष्टी करून बघतोय. लोकांना शब्दापेक्षा माणूस आणि साधारण काळ जास्त आठवतो, ‘गणपतीच्या सुमारास देशपांड्यांनी पाठवली होती’ असा. म्हणून सर्चच्या चौकटीत आधी माणूस, मग सणवार किंवा महिना, आणि शब्द सगळ्यात शेवटी, अशी रचना एका गटाकडे काही आठवड्यांसाठी दिली आहे. विभक्तीचे प्रत्यय सोडवून मूळ शब्द जुळवण्याचं काम लांबणार आहे, त्यात ‘मान’ शोधताना ‘मानेचा पट्टा’ही पुढ्यात येतो. ॲ, अॅ आणि ऍ एकच धरण्याची दुरुस्ती मात्र चाचणीच्या निकालाची वाट न बघता करून टाकली.